मॅथेमॅटिक्स आणि गणित, ह्या दोन शब्दांचा नेमका अर्थ काय? (पोरीच्या शाळेचं काम आहे, हसू नका)

धरमपेठची_आई (शनिवार, रात्री १०:४०)

नमस्कार मंडळी. पोरगी आठवीत आहे, इंग्लिश मिडियमला. शाळेतून काम आलंय की रोजच्या वापरातला एखाद्या विषयाचा शब्द घ्या, तो कुठून आला, मूळ अर्थ काय होता हे चार्टपेपरवर लिहून आणा. बाईसाहेबांनी मुद्दाम मॅथेमॅटिक्स घेतला, तिचं नि त्या विषयाचं कधी पटलेलं नाही, म्हणे निदान नाव तरी समजून घेते. मला वाटलं पाच मिनिटांचं काम आहे.

तेवढ्यात तिच्या मोठेबाबांनी घरच्या ग्रुपवर मेसेज टाकला की मॅथेमॅटिक्स हा शब्द आपल्या "मंथन"वरून गेला आहे, समुद्रमंथन तसं संख्यांचं मंथन, ग्रीकांनी तो जसाच्या तसा उचलला. खाली सगळ्यांचे हात जोडलेले. मला ते खरं वाटत नाहीये पण खोटं आहे हे सांगायला माझ्याकडे काही नाही, माझं बीकॉम झालंय हो.

त्यात पोरीचे प्रश्न वेगळेच. मग गणित म्हणजे काय? त्यातला गण गणपतीतलाच का? आणि मॅथेमॅटिक्सच्या शेवटी एस कशाला, मॅथेमॅटिक एकेक सुटं मिळतं का? सोमवारी द्यायचं आहे. कोणाला माहीत असेल तर सांगा, पण नीट माहीत असेल तरच सांगा.

बर्डीचा_भाऊ

काऊन एवढं टेन्शन घेऊन राहिल्या ताई. माथा दुखवते म्हणून माथेमॅटिक्स. झालं. माह्या वेळी तं हेच होतं.

रामटेकचे_मास्तर (रविवार, सकाळी ६:१५)

चाळीस वर्षं संस्कृत शिकवलं, आता सकाळी झोप लागत नाही, म्हणून लिहितो. लांब होईल.

आधी मॅथेमॅटिक्स. शब्द ग्रीक आहे. मुळात "मान्थानेइन" हे क्रियापद, अर्थ शिकणे. त्यावरून "माथेमा", म्हणजे जे शिकलं गेलं किंवा शिकण्यासारखं आहे ते. सरळ मराठीत सांगायचं तर धडा. आजही ग्रीसमधल्या शाळेत माथेमा म्हणजे धडा, तास. इतिहासाचा असो की चित्रकलेचा. विद्यार्थ्याला ते "माथितिस" म्हणतात. त्यात आकड्यांचा काही संबंध नाही. हेरोडोटसच्या इतिहासात क्रीसस राजा, सगळं गमावून बसल्यावर, माझे भोग हेच माझे धडे झाले अशा अर्थाचं बोलतो, तिथे "पाथेमाता" आणि "माथेमाता" असे दोन यमकाचे शब्द आहेत. भोग आणि धडे. म्हणजे आपण ज्याला ठेच लागून शहाणं होणं म्हणतो ते सुद्धा त्या काळच्या ग्रीकात माथेमाताच होतं.

मग आकड्यांकडे तो कसा वळला? पायथागोरसच्या आणि पुढे प्लेटोच्या लोकांनी काही विद्या अशा ठरवल्या की त्या शिकल्याशिवाय, म्हणजे कोणी बसून शिकवल्याशिवाय येतच नाहीत. संख्या, भूमिती, ग्रहताऱ्यांची गती आणि संगीतातले स्वर. हो, संगीत पण त्यात होतं. बाकी गोष्टी माणूस ऐकून, बघून, जगून उचलतो, पण ह्या चार बसूनच शिकाव्या लागतात, म्हणून ह्याच खऱ्या "शिकायच्या गोष्टी". असं करत सर्वसाधारण धडा ह्या अर्थाचा शब्द एका विषयाला चिकटला. आपल्याकडे "शास्त्र" शब्दाचं नाही का झालं, पूर्वी व्याकरणही शास्त्र नि पाकशास्त्रही शास्त्र, आता शाळेत शास्त्राचा पेपर म्हटलं की विज्ञानच.

आता गणित. गण् धातू, मोजणे. लिख् वरून लिखित, पठ् वरून पठित, तसं गण् वरून गणित, शब्दशः अर्थ मोजलेलं. गण म्हणजे समूह, मोजून एकत्र केलेली टोळी, आणि गणपती म्हणजे त्या गणांचा स्वामी, तेव्हा मुलीचा अंदाज बरोबर आहे, तिला माझ्यातर्फे शाबासकी द्या. गणती, गणना, जनगणना, अगणित, नगण्य, अग्रगण्य, संगणक ही सगळी त्याच घरची मंडळी. नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी सोळाव्या शतकात लीलावती ह्या भास्कराचार्यांच्या गणिताच्या ग्रंथावर टीका, म्हणजे भाष्य, लिहिली, त्यात व्याख्याच दिली आहे की जे मोजलं जातं, ज्याची संख्या काढली जाते ते गणित, आणि ते शिकवतं म्हणून त्या शास्त्राचंही नाव तेच.

म्हणजे एक शब्द शिकण्यावरून आला आणि दुसरा मोजण्यावरून. गणित हे मॅथेमॅटिक्सचं भाषांतर नव्हे, दोन वेगळ्या दारांनी लोक एकाच वाड्यात शिरले.

मंथनाचं दुपारी लिहितो, आता दूध आणायला जायचं आहे.

प्रतापनगरकर_७१

मास्तर, क्षमा असावी पण मी त्या मोठेबाबांच्या बाजूने आहे. तुम्हीच लिहिलं की मूळ शब्द मान्थानेइन. आता मान्थानेइन आणि मंथन, कोणत्याही शेंबड्या पोराला दिसेल की एकच आहेत. विचारमंथन म्हणतोच ना आपण, म्हणजे विचार घुसळून शिकणे. आपलं म्हटलं की लोकांना पुरावा लागतो, ग्रीक म्हटलं की लगेच पटतं. ही गुलामी कधी जाणार.

बर्डीचा_भाऊ

लागली बाप्पा लागली. मी तर्री पोहे घेऊन बसलो, होऊ द्या.

रामटेकचे_मास्तर

प्रतापनगरकर, शंका योग्य आहे, राग नाही. पण कानाला सारखं लागणं हा पुरावा होत नाही. ग्रीक आणि संस्कृत ह्या चुलत बहिणी आहेत हे खरं, आणि म्हणूनच त्यांच्यातलं नातं कसं चालतं ह्याचे नियम बसलेले आहेत. एका ध्वनीच्या जागी दुसरीकडे कोणता ध्वनी येतो ते ठरलेलं आहे. संस्कृतात जिथे ध येतो तिथे ग्रीकात थ येतो. आपला मधु, त्यांचा मेथू (त्यांच्याकडे अर्थ मद्य). आपला धूम, त्यांचा थूमोस. आपलं दधामि म्हणजे मी ठेवतो, त्यांचं तिथेमि, अर्थ तोच. आणि संस्कृतात जिथे थ आहे तिथे ग्रीकात साधा त येतो. पृथु म्हणजे रुंद, ग्रीकात प्लातुस, प्लेटोचं नाव त्या रुंदपणावरूनच पडलं असं परंपरा सांगते.

आता मंथन घ्या. धातू मन्थ्, त्यात थ आहे. त्याचा ग्रीक भाऊ असता तर त्यात त आला असता. आणि ग्रीक मान्थानेइनमधे थ आहे, म्हणजे त्याचा संस्कृत भाऊ शोधायचा तर ध असलेला शोधावा लागेल. असा शब्द आहे आणि तुम्हाला तो आवडेल. मेधा. बुद्धी, धारणाशक्ती. मन् म्हणजे विचार करणे आणि धा म्हणजे ठेवणे, दोन्ही मिळून मन ठेवणे. ग्रीक शब्दाच्या मुळाशीही हीच जोडी मांडतात. आपण मुलांना काय सांगतो, "मन लावून अभ्यास कर". ते मन लावणं म्हणजेच मान्थानेइन.

तेव्हा नातं आहे, पण घुसळण्याशी नाही, मेधावी मुलीशी आहे. आणि नातं आहे म्हणजे त्यांनी आपला उचलला किंवा आपण त्यांचा, असं काही नाही, दोघांची आजी एक.

प्रतापनगरकर_७१

ध आणि थ चं हे माहीत नव्हतं. मेधा चालेल. मंथन मागे घेतो, विचारमंथन करून मागे घेतो असं लिहा.

नंदनवन_क्लासवाले

एस चा प्रश्न कोणी घेतलाच नाही, मी गणिताचा क्लास घेतो त्यामुळे हा प्रश्न दरवर्षी एक तरी पोट्टं विचारतं. ग्रीकात "ता माथेमाटिका" असं अनेकवचन होतं, शिकण्याशी संबंधित गोष्टी, अॅरिस्टॉटल असंच लिहितो. ते लॅटिनमधून फ्रेंचमधे गेलं, फ्रेंचमधे आजही अनेकवचनच आहे. इंग्रजीत आधी मॅथेमॅटिक असा एकवचनी शब्द चालायचा, सोळाव्या शतकात त्याला एस लागला, फिजिक्स पॉलिटिक्स इकॉनॉमिक्स ही सगळी त्याच साच्यातली. पण क्रियापद एकवचनीच लावतात, मॅथेमॅटिक्स इज, आर नाही. ब्रिटिशांनी छोटं करताना एस ठेवला म्हणून मॅथ्स, अमेरिकेत उडवला म्हणून मॅथ. ह्या एका एस वरून इंटरनेटवर जेवढी भांडणं झाली तेवढ्यात माझा पूर्ण सिलॅबस दोनदा झाला असता.

अजून एक गंमत, ही चार्टवर टाका, बाई खूश होतील. पायथागोरसच्या शिष्यांचे दोन गट होते असं जुने लेखक सांगतात. एक "अकूस्माटिकोइ", म्हणजे फक्त ऐकणारे (अकूस्टिक्स शब्द आला तेच मूळ), त्यांना गुरूची वचनं ऐकायची, कारण विचारायचं नाही. दुसरा "माथेमाटिकोइ", म्हणजे शिकणारे, ह्यांना ते तसं का आहे हे पण समजावलं जायचं. माझ्या क्लासमधे आज पण हेच दोन गट आहेत, पहिल्या गटात पंचेचाळीस नि दुसऱ्यात चार.

आणि रोमन लोकांकडे तर मॅथेमॅटिकस म्हणजे चक्क ज्योतिषी, पत्रिका बघणारा. तिसऱ्या शतकाच्या शेवटी सम्राट दिओक्लेतियनच्या काळचा एक हुकूम पुढे रोमन कायद्याच्या ग्रंथात घेतला गेला, त्यात म्हटलंय की भूमिती शिकणं नि वापरणं हे लोकांच्या भल्याचं आहे, पण "मॅथेमॅटिकाची विद्या" निंद्य आहे आणि तिच्यावर बंदी आहे. संत ऑगस्टीनने पण मॅथेमॅटिकसांपासून लांब राहा असं बजावलंय, ते वाक्य लोक आजही फिरवतात की बघा चर्च गणिताच्या विरोधात होतं, पण त्याला भविष्यवाले म्हणायचे होते. हुकूम माझ्या पोट्ट्यांना सांगितला तर म्हणतात सर बंदी परत आणा.

रामटेकचे_मास्तर

क्लासवाले सर, छान. आपल्याकडेही तंतोतंत हेच. गणक म्हणजे हिशेब करणारा आणि गणक म्हणजे ज्योतिषीही. वेदांगज्योतिषात तो प्रसिद्ध श्लोक आहे, मोराच्या डोक्यावर तुरा, नागाच्या डोक्यावर मणी, तसं सगळ्या वेदांगांच्या माथ्यावर गणित. पण काही पाठांत "गणितं" आहे नि काहींत "ज्योतिषं". शाळांच्या भिंतींवर पहिला पाठ रंगवतात, पंचांगवाले दुसरा छापतात. त्या काळी दोन्ही एकच कामं होती, ग्रह मोजायचे नि मुहूर्त काढायचा.

त्याहून जुनं नाव हवं असेल तर छांदोग्य उपनिषदात नारद सनत्कुमारांकडे जातो आणि मी काय काय शिकलो ह्याची यादी वाचतो, त्यात "राशि" म्हणून एक विद्या आहे. शंकराचार्यांनी भाष्यात राशि म्हणजे गणित असा अर्थ दिला आहे. इसवी सन ४९९ मधे आर्यभट मात्र आपल्या ग्रंथाच्या एका भागाला गणितपाद म्हणतो, म्हणजे तोपर्यंत शब्द पक्का रुळला होता.

मानेवाडा_पालक

मास्तर मग ते वैदिक गणित ह्याच्यातलंच का? आमच्या गल्लीत दोन क्लास आहेत त्याचे. पोराला घालू का नको.

रामटेकचे_मास्तर

ते वेगळं. पुरीचे शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थ १९६० मधे गेले, त्यानंतर १९६५ मधे त्यांचं ते पुस्तक आलं, त्यात सोळा सूत्रं आहेत. स्वामींचा नागपूरशी चांगला संबंध होता. पण ती सूत्रं वेदांच्या उपलब्ध कोणत्याही परिशिष्टात नाहीत, हे त्याच पुस्तकाच्या संपादकांनी सुरुवातीला लिहून ठेवलं आहे. भराभर गुणाकार करायच्या युक्त्या म्हणून शिकवा, काही वाईट नाही. वेद वाचायला तिकडे पाठवू नका.

मोमिनपुरा_बॉय

माझं स्कूलिंग उर्दू मिडियमचं, मोमिनपुऱ्यात, मराठी नंतर शिकलो तर चुकलं तर सांभाळून घ्या. आमच्या टाईमटेबलवर ना गणित होतं ना मॅथ्स, "रियाजी" लिहिलेलं असायचं. अरबीत "रियाजियात". आता हा शब्द तुम्हा सगळ्यांना माहीत आहे फक्त लक्षात नाही आला, गाण्यातला रियाज! एकच मूळ आहे, अर्थ कसरत, सराव, तालीम. अरबीवाल्यांनी ग्रीकांच्या शिकायच्या विद्यांना सरावाच्या विद्या केलं. माझे अब्बा तबला वाजवायचे, ते म्हणायचे तुझा रियाजीचा पेपर नि माझा रियाज एकच आहे, दोघांत पण मात्रा चुकली की मार पडतो. लहानपणी जोक वाटायचा, शब्द खरंच एक आहे हे मला कॉलेजमधे कळलं.

तर बघा ताई, तीन झाले. ग्रीकात शिकणं, संस्कृतात मोजणं, अरबीत सराव.

धरमपेठची_आई

अरे किती लिहिलंत सगळ्यांनी! दुपारपासून वाचतेय. पोरगी रियाजवर एकदम खूश, ती कथकला जाते. पण तिचा एक मुद्दा आहे आणि मला पण जरा पटला. ती म्हणते आपलं नाव सगळ्यात साधं आहे, त्यांचं शिकणं, त्यांचा रियाज आणि आपलं नुसतं मोजलेलं. मोजणं तर भाजीवाला पण करतो. तिला जरा वाईट वाटलंय हे बघून. काय सांगू?

बँकेतून_रिटायर्ड

तिला सांगा की मोजणं सोपं वाटतं ते मोजून झाल्यावर. मी छत्तीस वर्षं बँकेत मोजलं आहे.

माझे आजोबा सावनेरकडे दुकानात मुनीम होते, त्यांचं नुसतं पाढ्यांनी भागत नव्हतं (आमच्याकडे पहाडे म्हणायचे). पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, एक औट साडेतीन, दोन औट सात, असा शंभरपर्यंत पाठ. आता हे शब्द बघा. औट कुठून आला, तर संस्कृत अर्धचतुर्थ, म्हणजे चौथा अर्धा. तीन पूर्ण झाले नि चौथा अर्ध्यावर आहे. अडीच म्हणजे अर्धतृतीय, तिसरा अर्धा. दीड पण तसाच, दुसरा अर्धा. म्हणजे आपली भाषा मोजताना मागे काय जमलं ते सांगत नाही, पुढचा कुठवर आला ते सांगते. भाजीवाला अडीच किलो म्हणतो तेव्हा दोन हजार वर्षांचं व्याकरण तराजूत टाकतो, आणि ताई म्हणतात नुसतं मोजणं.

आणि औटघटकेचं राज्य म्हणतो ना, ते पण हेच साडेतीन.

अजून एक, हे माझं निरीक्षण आहे. गुणाकार, भागाकार संस्कृत. गुण म्हणजे दोरीचा पदर, दुप्पट तिप्पट त्यातूनच. पण बेरीज नि वजाबाकी फारसी दरबारातून आल्या, वजा म्हणजे बाजूला काढलेलं, बाकी म्हणजे उरलेलं. हिशेब, रक्कम, जमा, खर्च सगळं तिकडचं. का? कारण पंडिताला गुणाकार लागायचा ग्रहांसाठी आणि दफ्तरातल्या कारकुनाला बेरीज वजाबाकी लागायची शेतसाऱ्यासाठी. संस्कृतात बेरजेला संकलित नि वजाबाकीला व्यवकलित असे शब्द होते, लीलावतीत आहेत, पण कचेरीत कोण म्हणणार व्यवकलित करा साहेब. जो रोज वापरतो त्याचा शब्द टिकतो. एका पानावर चार क्रिया करतो त्यात अर्धे पंडित नि अर्धे कारकून बसलेले असतात.

बर्डीचा_भाऊ

काका हे जबरदस्त होतं. मले सवायकीच्या पुढे कधी गेलं नाही, तिथंच छडी तुटली.

हिंगणा_इंजिनियर

मी पण एक टाकतो, नागपूरकरांसाठी स्पेशल. त्रिकोणमितीतला साईन. आर्यभट वगैरे लोक अर्ध्या जीवेला अर्धज्या म्हणायचे, पुढे नुसतं ज्या किंवा जीवा, मूळ अर्थ धनुष्याची दोरी. अरबांनी तो उच्चारानेच घेतला, जीबा, पण त्यांच्या लिखाणात स्वर गाळतात म्हणून कागदावर उरलं फक्त ज आणि ब. नंतरच्या वाचणाऱ्याला जीबा नावाचा शब्द अरबीत सापडेना, त्याने वाचलं जैब, हा शब्द त्यांच्याकडे होता, कपड्याचा गळ्याजवळचा खोळ. बाराव्या शतकात लॅटिनमधे भाषांतर करणाऱ्याने इमानेइतबारे खोळ ह्या अर्थाचा लॅटिन शब्द टाकला, सायनस. त्याचा साईन. आणि तोच अरबी जैब फारसीमार्गे आपल्याकडे येऊन झाला जेब. पुण्यात खिसा म्हणतील, आपण नागपुरात सरळ म्हणतो "जेबमधे टाक". तर इंजिनिअरिंगची चार वर्षं मी जो साईन थीटा लिहिला तो म्हणजे जेब थीटा होता. शेवटी जेब रिकामाच राहिला तो भाग वेगळा.

आणि झिरो माईलच्या मेट्रो स्टेशनवर उभे राहाल तेव्हा हे पण आठवा. तिथला झिरो माईलचा दगडी खांब त्रिकोणमितीने देशाची मोजणी करणाऱ्यांनी १९०७ मधे उभारला. त्याच्या नावातला झिरो म्हणजे आपला शून्य, अरबीत सिफ्र झाला, १२०२ मधे फिबोनाचीने लॅटिनमधे झेफिरम लिहिला, इटलीत त्याचा झेरो झाला नि इंग्रजांच्या तोंडून फिरून बर्डीजवळ परत आला. शून्यानेच एवढा प्रवास केला, बाकी आकड्यांचं सोडा.

नंदनवन_क्लासवाले

इंजिनियर भाऊ, जेब थीटा उद्या बोर्डवर लिहिणार आहे.

ताई, मोजलेलं वाला प्रश्न राहिला म्हणून. पोरीला म्हणा गणित हा शब्द आपण मोजण्याच्या किती पुढे नेलाय ते बघ. "माझं गणित चुकलं" म्हणतो तेव्हा कोणी आकडे मोजत नसतं. निवडणुकीत मतांचं गणित, लग्नात पत्रिकेचं नि पैशाचं गणित, जागावाटपाचं गणित जमेना. इंग्रजी वापरून बघा, "ह्या लग्नाचं मॅथेमॅटिक्स जमलं नाही", कसं वाटतं? ग्रीक शब्द शाळेतच बसून राहिला, आपला बाजारात नि राजकारणात फिरून आला. आणि डच लोकांनी तर सगळंच सोडून स्वतःचा वेगळा शब्द केला, सिमॉन स्टेव्हिन म्हणून होता सोळाव्या शतकात, त्याने ठरवलं की ही विद्या म्हणजे पक्कं ठाऊक असण्याची विद्या, त्यावरून आज ते विस्कुंडे म्हणतात. चौथा अर्थ. हा चार्टवर मावला तर टाका नाहीतर सोडा.

रामटेकचे_मास्तर

आमच्या लहानपणी जमिनीवर धूळ पसरून बोटाने अंक गिरवायचे, नंतर दगडी पाटी आली. जुन्या ग्रंथांत अंकगणिताला पाटीगणित म्हणतात आणि धुळीवर करायच्या आकडेमोडीला धूलिकर्म. मुलीला सांगा चार्टपेपरवर चुकलं तर रडू नकोस, पूर्वी हाताने पुसायचे नि पुन्हा लिहायचे.

धरमपेठची_आई (मंगळवार, दुपारी ४:०५)

झालं एकदाचं. रविवारी रात्री साडेअकरापर्यंत चार्ट चालू होता, मी फक्त कात्री नि गोंद दिला. मधे मोठा वाडा काढला (मास्तरांचा) आणि त्याला चार दारं, एकावर शिकणे, एकावर मोजणे, एकावर रियाज, डच दार अगदी छोटं मागच्या बाजूला कारण जागा उरली नाही. खाली कोपऱ्यात एका फ्रॉकला जेब आणि त्यातून साईनची लाट बाहेर येतेय. मेधा हा शब्द तिने ठळक लिहिला, तिच्या वर्गात एक मेधा आहे, तिला गणितात पैकीच्या पैकी पडतात, ती खूप भाव खाणार आता म्हणे.

मॅडमने सगळ्यांसमोर विचारलं मग तुझं आवडतं दार कोणतं, तर ही म्हणाली अडीचचं. असं दार चार्टवर नव्हतंच. बँकेतल्या काकांना नमस्कार सांगितलाय तिने.

मोठेबाबांना मी फोन करून ध आणि थ चं सगळं समजावलं. शांतपणे ऐकून घेतलं. काल रात्री ग्रुपवर नवीन मेसेज आलाय त्यांचा, मॅथेमॅटिक्स हा शब्द मूळ "मेधामातिका" असा होता, ग्रीकांनी तो बिघडवला.

रामटेकचे_मास्तर

मला त्या ग्रुपमधे घ्या.

बर्डीचा_भाऊ

नका जाऊ मास्तर, तिथं सगळे अकूस्माटिकोइ आहेत.